बिनमालकाचा समुद्र

कुठलीही सुंदर जागा दाखवली की आक्का पहिला प्रश्न विचारायची, "हे रान कुणाचं?" मालकाचं नाव सांगता आलं नाही की ती जागा तिच्या मनातून उतरलीच. रत्नागिरीचा अख्खा समुद्र तिनं या एका प्रश्नावर नापास केला होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. स्वतःचा संसार टिकला नाही. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि गंगाखेडजवळच्या आमच्या गावात शेती बघत राहिली. मी नोकरीसाठी रत्नागिरीला आलो, इथलाच झालो, आणि फ्लॅट घेताना माझ्या वाटणीला आलेलं अर्धं रान, म्हणजे शेत, विकून मोकळा झालो. पुढे तिचे गुडघे गेले. तेव्हा तिचंही रान विकून टाकावं आणि तिला कायमचं इकडे आणावं, असं मी ठरवलं. ती आली, पण वेळ अमावस्येपर्यंतची अट घालून. "येळवशीपस्तोर राहते. मन लागलं तर बघू."

मन लागावं म्हणून मी तिला सहलींना न्यायला लागलो. पाहुण्यांना दाखवून दाखवून माझ्या या जागा पाठ झाल्या होत्या. मांडवीच्या जेटीवर लोक उभ्या उभ्या भेळ खात होते. आक्का म्हणाली, "उभ्यानं जनावरं खातेत. ह्यांला बसाया जागा न्हाई का?" रत्नदुर्गावर तीन बाजूंनी समुद्र दाखवला, तर म्हणे, "एवढं पाणी, आन् घोटभर पिता येईना. मग काय चाटायचं त्याला?" थिबा पॉइंटवर पोरंपोरी मावळत्या सूर्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. त्यांच्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "घरी आरसा न्हाई व्हय ह्यांच्या?" मला हसू आलं, पण तिच्यासमोर हसायची सोय नव्हती. मी त्या जागांचा वकील होतो.

बायको प्रेमानं डबा भरून घ्यायची. आक्का त्याला हात लावत नसे. आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे कुणाच्या तरी रानात, आणि तेही त्यानं बोलावल्यावर. "बिनबोलावलं जेवायला मी काय कावळा हाय का?" मी चिडायचो. एकदा म्हटलं, "आक्का, समुद्र सरकारचा असतो." ती शांतपणे म्हणाली, "मग सरकारनं बोलवावं की." त्या दिवशी घरी परतल्यावर तिनं थंड पोळ्या खाल्ल्या, चवीनं.

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात जेवतात, आणि ज्याला रान नाही त्याला आधी बोलावतात. मी म्हटलं, भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, तिथं करू. आक्का खुलली. पहाटे उठून तिनं भाज्या आणि डाळींची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे वळले, मडकंभर ताकातली आंबील केली. कडबा मिळाला नाही, म्हणून सुरूच्या फांद्यांची छोटी झोपडी, खोप, करून तिनं त्यात पांडव म्हणून पाच दगड मांडले, पूजा केली. मग दरवर्षी करायची तेच तिनं इथंही केलं. वाटेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारू लागली.

"या, जेवून जावा."

पहिल्या कुटुंबानं भरभर पावलं उचलली. एकानं विचारलं, "प्लेट कशी दिली?" एक शिकलेल्या बाई थांबल्या, कुठल्या संस्थेचा कार्यक्रम आहे असं विचारलं, आक्काचा फोटो काढला आणि गेल्या. सतरंजी टाकून बसलेल्या एका जोडप्यानं सतरंजी उचलून लांब नेली. फुकट जेवायला घालणारं माणूस या लोकांना चोराहून भयंकर वाटत असावं. आक्का मात्र हातात पळी घेऊन हाका मारत होती. आणि मी, तिच्या हातचं खाऊन वाढलेला, मान वळवून समुद्राकडे बघत बसलो होतो, ही बाई माझी कोणी नसल्यासारखा.

तिनं ते पाहिलं. हाका थांबवल्या. खाली बसून मला वाढत म्हणाली, "खा. तू तरी खा. उद्याची गाडी बघ माझी."

"आणि गुडघे?"

"दुखतील की. तिथं दुखू दे."

त्यानंतर दोन वर्षं ती गावातच राहिली. वारली तेव्हा कळलं, आपलं रान तिनं तुळसाबाईच्या नावे करून ठेवलं होतं. तुळसाबाई म्हणजे तिच्याबरोबर पंधरा वर्षं खुरपलेली मजूर बाई. मला राग आला, खोटं कशाला सांगू. बायकोचे भाऊ म्हणाले, कोर्टात जा. मी वकिलालाही विचारलं. पण मला मिळालं असतं तर मी ते रान विकलं असतं, हे आक्काला माहीत होतं आणि मलाही.

परवा तुळसाबाईचा फोन आला. "भाऊ, रविवारी येळवस हाय. येताव ना?"

मी कोरडेपणानं म्हटलं, "मला कशाला बोलावताय?"

ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "आक्कानं बजावून ठेवलंय. रान न्हाई त्याला आधी बोलवायचं. तुमचं नाव पहिलं सांगितलं त्यांनी."

गावातला भूमिहीन म्हणून पहिला मान मला होता. आक्कानं यापेक्षा नेमका तिरस्कार कुणाचा केला नाही, आणि यापेक्षा जास्त काळजीही नाही. फोन कानाला लावूनच मी रडलो, आणि येतो म्हणालो.