कांगारूच्या दुधातलं लोखंड

बारामतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात कांगारूच्या दुधावर काम करते. कांगारू मी कधी पाहिलेला नाही. त्याच्या जनुकांची अक्षरं संगणकावर जुळवत बसायचं, एवढंच. दुधातून लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक आईच्या अंगात कधी जागं होतं, ते मी शोधत होते. आमच्या आईला हे काही केल्या पटायचं नाही. "आपल्या म्हशींनी काय घोडं मारलंय?" म्हणायची.

धाकटी बहीण कळसला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात ती इंदापूरला आईकडं आली, तेव्हा तिचं रक्त फारच कमी निघालं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी दर रविवारी एसटीनं जायचे आणि आमच्या गप्पा कांगारूवरच यायच्या.

"अक्का, त्याचं पिल्लू खरंच शेंगदाण्याएवढं असतं?"

"व्हय. अर्धकच्चंच जन्मतं. अंगात लोखंडाचा साठा न्हाय, म्हणून सगळं दुधातनं घ्यावं लागतं. माणसाचं बाळ पोटात असतानाच आईकडनं ओढून घेतं."

"आन् आईकडंच नसलं तर?"

"तरी ओढतं."

तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली. "घे बाई, लुटून घे."

गोळीनं तिला मळमळायचं. आईनं त्यावर युक्ती काढली होती. "पाण्यानं उतरत न्हाय ना, मग चहानं उतरव." रोज नाश्ता झाला की दाट, गोड चहा आणि त्याबरोबर गोळी. रविवारी तो कप माझ्या हातचा असायचा. रिकामी पाकिटं आई बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची, नर्सबाईंना दाखवायला.

तपासणीत रक्त होतं तेवढंच. "गोळ्या घेता ना?" नर्सबाई विचारायच्या. आई डबा पुढं करायची. कशाबरोबर घेता, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बाळंतपणात रक्त गेलं. अंगात रक्त असतं तर एवढं सोसलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाटल्या चढवल्या, पण उपयोग झाला नाही. मुलगी राहिली, बहीण गेली. मुलीचं रक्त तपासलं तर ते चांगलं भरपूर होतं.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना दरवर्षी शिकवते तोच धडा होता. 'चहामुळे लोह अंगी लागत नाही,' असं फळ्यावर लिहायला घेतलं आणि निम्म्यावर हात थांबला. दरवर्षी मी यावर परीक्षेत प्रश्न टाकते! आणि घरात, स्वतःच्या हातानं कप देताना, माझं डोकं कांगारूच्या पिशवीत. जळो मेली ती हुशारी. "मॅडम, काय झालं?" पोरी विचारत होत्या. मी तास सोडून दिला.

भाची आता आईकडं वरच्या दुधावर वाढतेय. कुणी भेटायला आलं की आई डबा उघडते, पाकिटं काढून दाखवते. "एक बी गोळी चुकवली न्हाय माझ्या लेकीनं. मी सोता म्होरं उभी राहून द्यायची." तेवढाच तिला आधार आहे. तो कसा काढून घेऊ? कितीदा सांगायचं ठरवून एसटीत बसते, आणि तिचं तोंड बघितलं की जीभ उचलत नाही.

मग ती माझ्यापुढं कप ठेवते. "घे, गार हुईल."

मी घेते आणि सगळा पिते.