टँकरच्या हॉर्नला उठणारी शीतल

पुण्याहून बीडला येऊन शिरूर कासारची एसटी धरली तेव्हा पिशवीत मुलांच्या तपासणीची चित्रकार्डं होती आणि लेकीनं जर्मनीहून पाठवलेली चॉकलेटं. मला गोड चालत नाही हे ती तिकडं गेल्यापासून विसरलीच. जाऊ दे. मी मुलांची मानसतज्ज्ञ; शिरूरजवळच्या एका शाळेतल्या मास्तरांनी बोलावलं होतं. तिसरीतली शीतल वर्गात टिकत नाही, मधेच पळते. डोक्यात दोष निघाला तर वसतिगृह तिला ठेवणार नव्हतं. मग ऊसतोडीला गेलेल्या आईबापांकडं रवानगी, म्हणजे शाळा संपली.

सिंदफणेच्या पात्रात पाणी सोडून सगळं होतं: शेळ्या, क्रिकेटचे स्टंप, वाळत टाकलेल्या गोधड्या. पुढं एसटीचं टायर बसलं आणि आम्ही सगळे बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. शेजारच्या आजींनी भाकरी-ठेचा हातावर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी सगळा खाल्ला.

शाळेत नुसत्या दुधाचा चहा मिळाला. सोसायटीच्या डेअरीत दूध मिळतं, अडचण पाण्याची, असं मास्तर म्हणाले.

शीतलनं धडा घडाघडा वाचला. बाथटबच्या चित्राला 'जनावरांचा हौद' म्हणाली. आता हे चूक कसं म्हणायचं? शहरात माझ्याकडं येणारी पोरं दार वाजलं तरी मोबाइलमधून मान काढत नाहीत. ही मात्र बाहेर हॉर्न वाजताच कार्ड टाकून पळाली. मी धापा टाकत मागं.

टँकर आला होता. बाया-पोरी घागरी घेऊन नळीकडं धावल्या. शीतल रिकाम्या हातांनी केबिनच्या पायरीवर चढली.

"मामा, माय आली का?"

"न्हाई गं बाई. कारखाना चालू हाय अजून. गुढीपाडव्याला येतेत."

ड्रायव्हरनं मला सांगितलं की दिवाळीनंतर याच ट्रकमधून त्यानं तिच्या आईबापांना कारखान्यावर सोडलं होतं. आता मालकानं ट्रकवर टाकी बसवली. पोरगी रोज विचारते, तो रोज तेच सांगतो.

क्षणभर वाटलं, दोष आहे असं सांगावं आणि धाडावं आईकडं. पण तिथं हिच्या कडेवर धाकटा भाऊ येणार आणि पुस्तक सुटणार.

"मास्तर, हिला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "हिला आई हवीय. टँकर आला की जाऊ द्या, आपण होऊन परत येईल. आणि जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावून देत जा."

मास्तरांनी ड्रायव्हरकडून आईचा नंबर मागून घेतला. शीतल राहिली.

परतीच्या एसटीनं शाळेच्या वळणावर हॉर्न दिला. शीतल फाटकाशी धावत आली, एकेक खिडकी बघत गेली. मी दिसले तसा तिचा चेहरा पडला. तरी तिनं हात हलवला आणि वर्गात परतली.

पुण्याला घरी पिशवी रिकामी करत होते; लेकीची चॉकलेटं तशीच होती. खाली रिक्षा थांबली. कार्डं हातातून टाकून मी कधी गॅलरीत पोचले, कळलंच नाही. रिक्षातून शेजारचे काका उतरले.