चित्रातून वाट काढून देणारे नगराळे सर

नगराळे सरांकडे मी पहिल्यांदा गेले ती तावातावाने, भांडायला. आमच्या बचत गटाच्या डाळीसाठी सागाच्या फळीवर लोगो कोरून हवा होता, तुरीची एक शेंग आणि दोन पानं. हिंगणघाटच्या दुकानात सरांनी मोबाइलवरचं ते चित्र पाहिलं आणि काम परत पाठवलं. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, मला राग आला. चित्र इतकं स्पष्ट आहे, मग अडतं कुठे, असं मी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "मशीनले चित्र दिसत नाई, बाई. तिले रस्ता लागते. कोठून सुरू कराचं, कोठी उचलाचं, किती खोल जाचं, हे तिले कोन सांगन?" आणि त्यांनी पेन्सिल माझ्याच हातात दिली. त्या दुपारी मी ती शेंग अकरा वेळा काढली. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे कामालाच लागले.

सर मूळचे भांड्यांवर नावं घालणारे. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ताटावाट्यांवर त्यांचं अक्षर आहे. पन्नाशीला आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं कोरकामाचं सीएनसी मशीन घेतलं आणि माऊस धरायला शिकले, तेही माझ्यासारख्या कालच्या पोरीकडून. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. एक मात्र सांगते, कौतुक करायची वेळ आली की सरांच्या तोंडाला कुलूप लागतं. "जमते" हा त्यांचा सर्वांत मोठा पुरस्कार, आणि तो मला आजवर दोनदा मिळाला आहे.

चित्रावरून रेषा काढून देणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं. पुष्कळ जण ते दाबतात आणि निघेल ते मशीनला देतात. मग जाड रेषेच्या दोन्ही कडा धरल्या जातात आणि एका देठाचे दोन देठ होतात. सर एकेक रेषा डोळ्यांखालून घालत. शिवाय दुकानाचा एक नियम होता. कोरायच्या टूलच्या जागी आधी पेन्सिल बांधायची, खाली जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चिकटवायची आणि सगळं काम एकदा कागदावर काढून पाहायचं. मला हा नियम वेळखाऊ वाटायचा.

अल्लीपूरच्या विहाराचा नामफलक माझ्याकडे आला, तेव्हा मी हा नियम मोडला. काळा ग्रॅनाइट, वर चोवीस आऱ्यांचं धम्मचक्र. चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं, पुसट. मी बटण दाबलं, पेन्सिल फिरवली नाही. दगड कोरून झाल्यावर रंग भरताना सहज आरे मोजले. तेवीस. चित्रात दोन आरे कडेला एकमेकांना चिकटलेले होते, त्यांचा सॉफ्टवेअरने एकच केला होता.

अनावरण परवावर आलेलं. कोण मोजणार आहे, असं मी स्वतःला दिवसभर समजावत राहिले. पण ते चक्र माझ्याही घरच्या भिंतीवर आहे, मला घास जाईना. संध्याकाळी सरांना सांगितलं.

"पेन्सिल फिरवली होती?"

"नाही, सर."

"मंग सांगाले सकाळपासून काऊन थांबली?"

बस, एवढंच रागावले. लगेच गावात फोन लावला आणि म्हणाले, "दगड उद्या भेटत नाई. माह्याकडून चूक झाली. परवा सकाळी मी सोता घेऊन येतो." पलीकडून बरंच ऐकावं लागलं असणार. सर उभ्याने ऐकत होते आणि "हो, बरोबर आहे" म्हणत होते. माझं नाव त्यांनी काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चक्राची जागा गोल खोदून घेतली आणि त्यात पितळी चकती बसवायचं ठरलं. सर म्हणाले, "आता ते चित्र ठेव बाजूले. एकच आरा नीट काढ आन् मधल्या ठिपक्याभोवती चोवीस खेपा फिरव." मग पेन्सिल, मग कॅलेंडर, मग दोघांनी वेगवेगळं मोजणं, आणि त्यानंतर पितळ.

अनावरणाला आम्ही वेळेत पोचलो. पडदा बाजूला झाल्यावर एका आजींना हाताला धरून पुढे आणलं. विहाराच्या पायासाठी त्यांनी डोक्यावर गिट्टी वाहिली होती, आता त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी डावा अंगठा एका आऱ्यावर रोवला आणि उजव्या बोटाने खाचा चाचपत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. अख्खा मंडप थांबला. बोट फिरत फिरत अंगठ्याला येऊन भिडलं.

"चोवीस," आजी म्हणाल्या. "बराबर हायेत."

तेवीसवर ते बोट भिडलं असतं, तर मी त्या माउलीला काय सांगणार होते? सरांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि मी भर मंडपात रडले. सर आता साठ वर्षांचे झाले, म्हणून तर आज आपण सगळे इथे जमलो आहोत. त्या दिवशी मनात जे मागितलं, तेच आज तुम्हा सर्वांदेखत मागते. सरांची नजर शाबूत राहो, गुडघ्यांनी त्यांना त्रास देऊ नये, आणि आमच्या चुका ऐकून घ्यायला ते अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं त्या दुकानात बसलेले असोत.