लेफ्ट हाफ भाऊजी

आमच्या भाऊजींनी उभ्या जन्मात मागणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही. अंगावरचा कोट दिला, सासऱ्यांनी दिलेली छत्री दिली, एकदा तर मुरारला निघालेल्या एका अनोळखी गृहस्थाला स्वतःची सायकल देऊन आपण पायी घरी आले. फक्त एक वस्तू त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा दिली नसती, ती म्हणजे हॉकीचा चेंडू. एकदा चेंडू त्यांच्या स्टिकला लागला की तो गोलातच सुटायचा. मध्ये बाप आडवा आला तरी त्याला हूल मिळायची.

भाऊजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. दिवसा ते इंदरगंजातल्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि ऊन उतरलं की आमच्या मोहल्ल्याच्या संघाचे सेंटर फॉरवर्ड. मी त्याच संघाचा गोलकीपर. आमची खेळण्याची रीत सोपी होती. चेंडू भाऊजींकडे पोहोचवायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत उभं राहायचं. आमचा लेफ्ट इन जाडसर होता, त्याचे वडील सराफ्यात दुकान चालवत. तो सबंध हंगाम खेळला आणि त्याच्या स्टिकचं पॉलिश जसंच्या तसं राहिलं. भाऊजींची ही मैदानावरची सवय मैदानाबाहेरही सुटत नसे. सराफ्याच्या गर्दीतून ते सरळ म्हणून चालायचेच नाहीत. समोर दिसेल त्याला डावीकडे झुकून दाखवायचं आणि उजवीकडून निसटायचं. एकदा एका गाईला अशीच झकास हूल देऊन ते निघाले आणि गाईमागून येणाऱ्या आपल्याच साहेबांच्या पोटावर जाऊन आदळले. साहेब काही बोलायच्या आत हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब, मी बॅक एकच धरला होता!" जेवायला बसले की आदल्या दिवशीचा गोल ताटात पुन्हा व्हायचा. लिंबाची फोड म्हणजे चेंडू, वाट्या म्हणजे समोरचे गडी, आणि गोल नेहमी शेजारच्याच्या ताटात. माझ्या चुलत्यांच्या वरणात त्यांनी असे कित्येक गोल केले. अक्का म्हणायची, "हे जेवून उठले की पाट उचलायचा नसतो, मैदान झाडायचं असतं."

असं सगळं सुखात चाललं असताना आमच्या लष्कर शहरातल्या एका हौशी सरदारांच्या मनात आलं, की संस्थानातले उत्तम उत्तम खेळाडू गोळा करून एक संघ उभा करावा आणि झाशी-भोपाळवाल्यांचा ताठा उतरवावा. भाऊजींना बोलावणं आलं. मोहल्ल्याने तिळगुळाची गजक वाटली. भाऊजींनी नवे मोजे घेतले आणि मुरारच्या मैदानावर हजर झाले. तिथे पोहोचल्यावर त्यांना कळलं, की जमलेले सगळेच आपापल्या गावचे भाऊजी आहेत. उज्जैनचा सेंटर फॉरवर्ड, शिवपुरीचा सेंटर फॉरवर्ड, भिंडचा सेंटर फॉरवर्ड. प्रत्येकजण एका तोऱ्यात मैदानाच्या मधोमध येऊन उभा. शिकवायला मुरार छावणीतले एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी सगळ्यांचा खेळ पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि मधली जागा मुरारच्याच करीम नावाच्या एका सडसडीत, अबोल तरुणाला दिली. भाऊजींना म्हणाले, "रावसाहब, आप लेफ्ट हाफ."

घरी आल्यावर भाऊजींनी नवे मोजे कोपऱ्यात भिरकावले. अक्काने विचारलं, "काय म्हणाले तिथे?"

"मला हाफ केलंय."

"हाफ म्हणजे?"

"हाफ म्हणजे आधा," भाऊजी खेकसले.

"बरं झालं," अक्का म्हणाली, "उरलेले आधे भाजी आणायला मोकळे राहतील."

लेफ्ट हाफचं काम म्हणजे मागे राहून समोरच्याला अडवायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्यांना पोहोचवायचा. भाऊजी अडवायचे उत्तम, काढून घ्यायचे त्याहून उत्तम. पोहोचवायचं मात्र त्यांच्या हातून होईना. चेंडू मिळाला की ते स्वतःच त्याला घेऊन निघायचे, उज्जैन, शिवपुरी, भिंड सगळ्यांना ओलांडून थेट करीमच्या पायात पाय घालायचे, आणि इकडे त्यांच्या मोकळ्या जागेतून गोल होऊन जायचा. पहिल्याच सामन्यात असे दोन गोल झाले. सुभेदारांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "रावसाहब, आपकी जगह से तो पूरी बारात निकल गई, हाथी समेत." पुढच्या सामन्याला त्यांनी भाऊजींना बाहेर बसवलं.

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी रेषेच्या बाहेर बसून हॉकी बघत होते. मी शेजारी बसलो होतो. कोट गळ्यापर्यंत बंद करून ते म्हणाले, "उद्या सोडून देतो. आपला मोहल्ला काय वाईट आहे? तिथे मला कुणी आधा म्हणत नाही." मलाही ते पटलं, कारण ते गेल्यापासून मोहल्ल्याच्या संघावर इतके गोल होत होते, की माझी पाठ धरली होती. एवढ्यात खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने भाऊजी चुळबुळायला लागले. मग उठून उभे राहिले. करीम सारखा मोकळी जागा शोधून उभा राहत होता आणि त्याच्याकडे चेंडू काही येत नव्हता. भिंडवाला स्वतःच मारत होता, उज्जैनवाला स्वतःच पळत होता.

"अरे, द्या ना त्याला! केव्हाचा उभा आहे तो! आंधळे झालात का?" भाऊजींचा आवाज पार मुरारच्या बाजारात ऐकू जात असेल. मध्यंतरापर्यंत ते असे ओरडत राहिले आणि मग एकदम मुकाट खाली बसले. मला वाटलं घसा बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी तिथे असतो ना," ते हळूच म्हणाले, "तर मीही दिला नसता रे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघ सोडला नाही. कचेरी सुटल्यावर सायकल काढली आणि करीमच्या घरी मुरारला गेले. वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलासमोर उभं राहून म्हणाले, "भाई, तुम्हें चेंडू किधर चाहिए, वो बताओ." करीम लाजला. म्हणाला, "पाँव में मत दीजिए, भाऊजी. दो कदम आगे दीजिए." मी त्यांना भाऊजी म्हणतो हे ऐकून सगळा संघच त्यांना भाऊजी म्हणू लागला होता, पुढे पुढे सुभेदारही म्हणायचे, आणि त्या वयातल्या माणसाची अक्का होणं आमच्या अक्कालाही जरा जडच गेलं.

आता भाऊजींचं कुठलंच काम आधं नसायचं. ज्या हट्टाने त्यांनी आजवर चेंडू राखला, त्याच हट्टाने ते तो द्यायला शिकू लागले. रोज संध्याकाळी दोघं अंधार पडेपर्यंत मैदानात असत. घरात तर कहर झाला. कुणाला काय लागणार हे आधीच ओळखायचं आणि त्याने मागायच्या आत, दोन पावलं पुढे पोहोचवायचं, असा त्यांनी नेम धरला. पाहुणा खोकायच्या आत त्याच्यापुढे पाणी. चुलते उठायचा विचार करताहेत तोवर त्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर. पंगतीत भाताची परात त्यांनी एकदा फरशीवरून अशी सरकवली, की ती चार माणसं सोडून बरोबर भुकेल्या माणसापुढे थांबली. "बघ," मला म्हणाले, "त्याने मानसुद्धा वर केली नव्हती!" जेवतानाच्या गोष्टीही बदलल्या. गोल आता करीमचा असायचा, पण गोष्ट त्याच्या बरीच आधी, पार डाव्या कोपऱ्यातल्या चटणीपासून सुरू व्हायची.

झाशीचा संघ लष्करला खेळायला आला तेव्हा बाड्याच्या चौकातली निम्मी दुकानं लवकर बंद झाली. मैदानाच्या कडेने पडदा लावलेल्या टांग्यांतून बायका आल्या होत्या, त्यात अक्काही होती. शेवटची काही मिनिटं राहिली तरी एक-एक गोलवर सामना अडलेला. तेवढ्यात भाऊजींनी झाशीवाल्याच्या स्टिकवरून चेंडू उचलल्यासारखा काढून घेतला आणि सुसाट निघाले. एकाला हूल दिली, दुसऱ्याला दिली आणि गोलासमोर पोहोचले. पुढे फक्त गोलकीपर. आमचा सगळा मोहल्ला उभा राहून ओरडत होता, "मारा, भाऊजी, मारा!" त्यांनी स्टिक उचललीसुद्धा. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. त्या क्षणी त्यांच्या खांद्याने मारायचं ठरवलं होतं. मनगटाने ऐकलं नाही. चेंडू अलगद उजवीकडे गेला, जिथे कुणीच नव्हतं. आणि पुढच्या क्षणी तिथे करीम होता. गोलातली फळी वाजली तेव्हा गोलकीपर अजून भाऊजींकडेच बघत होता.

करीमला लोकांनी खांद्यावर घेतलं. आमच्या मोहल्ल्याला आनंद आवरेना आणि रागही आवरेना. आमच्या लेफ्ट इनचे सराफ्यातले वडील तर भाऊजींचं मनगट धरून म्हणाले, "अहो, ताटात आलेला लाडू कुणी दुसऱ्याला वाढतं का?" भाऊजी नुसते हसले. परतताना सायकल हातात धरून आम्ही चालत होतो.

"मारला असता तर गेला असता," ते म्हणाले. "नक्की गेला असता."

"मग दिलात कशाला?"

"त्याचा जास्त नक्की होता."

इंदरगंजच्या चौकात ते थांबून म्हणाले, "हात अजून शिवशिवतोय रे." घरी अक्काने दृष्ट काढली. ती म्हणाली, "गोल कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण सगळी माणसं एकीकडे पळत होती, आणि तुम्ही एकटेच बघून पळत होता." भाऊजी एवढे लाजलेले मी तेव्हाच पाहिले.

तो संघ दोन-तीन हंगाम टिकला. मग लढाई सुरू झाली, करीम फौजेत भरती होऊन दूर कुठेतरी गेला, सुभेदार पंजाबात आपल्या गावी परतले, आणि उज्जैन उज्जैनला, भिंड भिंडला गेलं. भाऊजी मोहल्ल्याच्या संघात परत आले. आम्ही त्यांना सन्मानाने मधली जागा दिली, पण त्यांनी आम्हाला सुखाने उभं राहू दिलं नाही. चेंडू सगळ्यांकडे यायला लागला. आमच्या जाड्या लेफ्ट इनला आयुष्यातला पहिला पास मिळाला तेव्हा त्याने दचकून आधी मागे पाहिलं, कुणाचा आहे म्हणून. पुढे त्याने गोलही केले, आणि भाऊजी त्याच्यापेक्षा जास्त नाचले.

फक्त कधी कधी, खेळ रंगात आला की, भाऊजी गोलासमोरून चेंडू उजवीकडे सोडून द्यायचे. सुरेख, मोजून, दोन पावलं पुढे. तिथे आमच्यापैकी कुणी नसायचं. चेंडू एकटाच गवतातून सावकाश रेषेबाहेर जायचा, समोरचे गडी हसायचे, आणि भाऊजी स्टिकवर टेकून तो पार थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे.