आजोबांची थंड पेटी आणि माझं सायन्स

आमच्या आजोबांच्या मयतीला मासळीचा वास आला, त्याला कारण माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष.

मे महिना होता. आजोबा पहाटे गेले. आत्या रायपूरहून निघाली होती. ती येऊन बापाचं तोंड बघेपर्यंत आम्हाला थांबायचं होतं. म्हणून काकांनी गोंदियाहून थंड पेटी भाड्याने आणली (मयत ठेवतात ती, काचेच्या झाकणाची). दुपारपर्यंत पेटी अंगणाइतकीच तापली.

पेटीवाल्याने मेकॅनिक पाठवला. तो वाकून म्हणाला, "गॅस लीक है. बचा हुआ पहले हवा में छोड़ना पड़ेगा, फिर नया भरूंगा."

"हवेत?" मी म्हणालो. एरवी मी चारचौघांत बोलत नाही. पण घरात कॉलेजला गेलेला मी एकटाच, आणि तो धडा नुकताच झाला होता. "जुना गॅस असेल तर वरचा ओझोनचा थर विरतो. नवा असेल तर पृथ्वी तापते."

रडणाऱ्या बायका थांबल्या.

"म्हणजे हे ऊन आपल्या पेटीनं तापून राहिलं?" शेजारच्या सखूबाईंनी विचारलं.

"थोडंसं," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग सोडू नको," काका मेकॅनिकला म्हणाले. "आमचा पोरगा सायन्सले आहे."

"तो क्या जेब में भर के ले जाऊं?"

(गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतात, हे पुढच्या वर्षी शिकवलं.) मेकॅनिकने पाने-पक्कड गोळा केली. "फिर आप ही ठंडा करो."

तो गेला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "कर आता थंडा."

मी सायकल काढून बोदलकशाच्या तलावावर गेलो. मासेवाल्याने मासळीखालचा बर्फ पोत्यात भरून दिला. "धुऊन घेजो," म्हणाला. धुतला असता तर घरी पाणीच पोचलं असतं.

बर्फ पेटीत रचला आणि लोक एकेक करून अंगणात जाऊन बसले. आजोबांजवळ मी एकटा उरलो. आजारपणात ते रोज मासळी मागायचे. डॉक्टरांच्या धाकाने आम्ही दिली नव्हती. ते नेमकं तेव्हाच आठवलं.

आत्या आली. झाकण उघडून बापाच्या तोंडाशी वाकली आणि थबकली. मी डोळे मिटून घेतले.

"दिली ना रे शेवटी बाबाले मासोळी?" ती रडत म्हणाली. "मले वाटलं, मन मारूनच गेला माझा बाप."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. मागून काकांनी खांदा दाबला.

"हो," काका म्हणाले. "पोटभर खाल्ली."

आजही गावात ती पेटी आली की कोणीतरी मला निरोप देऊन जातं: "बाबू, रडाले ये. बोलू नको."