जमिनीवरची चाचणी

ऑफिसात तिला पाठीमागे करवत म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोणतं बटण कुठे असावं, माणसाला काय आधी दिसावं, हे ठरवणं तिचं काम. पण रंगरेघोट्यांच्या आधी ती माणसं बोलावून आणी. त्यांच्या हाती फोन देई आणि स्वतः मागे बसे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सुचवायचं नाही, सावरायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. माणूस अडला तर दोष पडद्याचा, माणसाचा नव्हे. यात कुणी मधे तोंड घातलं की तिचं डोकं फिरे.

सध्याचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं. घरात पडलं की लाल बटण दाबायचं, जवळची परिचारिका येणार. उगाच कुणी बोलावू नये म्हणून साहेबांनी तिला न विचारता त्यात तीन प्रश्न घुसडले, आणि ॲप दुसऱ्याच दिवशी लोकांच्या हाती जाणार होतं.

"पडलेला माणूस काय मुलाखत द्यायला बसलाय?" ती कडाडली.

"अगं, मी दहा जणांच्या हाती देऊन पाहिलं, खुर्चीत बसून दहाही जणांना जमलं," साहेब म्हणाले.

"पडलेला माणूस खुर्चीत असतो का?"

तिने आपल्या आत्यालाच आणलं. आत्या एकटी राहत असे, आणि हे ॲप तिच्याही फोनमध्ये येणार होतं. आत्या मीटिंगच्या खोलीत गालिच्यावर कुशीवर आडवी झाली, एक हात अंगाखाली. "माहेरची माणसं कधी जमिनीवर लोळवतील याचा नेम नाही," ती साहेबांना म्हणाली.

आत्याने लाल बटण दाबलं. पडद्यावर आलं: मदत नक्की हवी आहे का? तिने अंगठा लांबवला; तो भलतीकडेच पडला आणि पडदा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"आत्या, खालचं, खालचं बटण!" साहेब उठलेच.

"बसा!" करवत ओरडली. "उद्या प्रत्येकाच्या घरी जाऊन असेच ओरडणार आहात का?"

"तुझ्या हट्टापायी काम अडतंय!"

"अडू दे! तुमच्या आईला ठेवा असं पडून, आणि मग विचारा तीन प्रश्न!"

"माझ्या आईला मधे आणू नकोस!"

खाली आत्या कण्हत होती. पुन्हा बटण, पुन्हा प्रश्न. "अगं ए, उठव मला," ती म्हणाली. साहेब वाकले, तर करवतीने हात आडवा घातला. "थांबा. तिला फोनवरूनच मदत मागू द्या."

आत्याने फोन भिरकावला. तो टेबलाच्या पायावर आपटला. "मेल्यांनो, पोटरीत गोळा आलाय! मी नाटक करतेय असं वाटतं काय?"

साहेब घाबरून गुडघ्यांवर बसले. "आत्या, नक्की उठवायचं ना?"

"आता तूही विचार! तीनदा विचार!"

दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. करवत खाली बसून पोटरी चोळू लागली. साहेबांवरचा राग तसाच होता, पण त्याहून मोठा राग स्वतःवर होता: आत्या पायाशी कळवळत होती आणि आपण तिचा पडदा बघत बसलो.

"उद्याचं थांबवतो," साहेब दारातून म्हणाले. "पण एखादा तरी प्रश्न..."

"एकही नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"चोळ नीट," आत्या गुरगुरली. "आणि त्याच्याशी नंतर भांड. आधी माझ्याकडे बघ."