झटकेरावाचा चौथा भाग

आमच्या सातपूरकडच्या कामगार वसाहतीत गणपतीतल्या नाटकाचा निकाल विसर्जनानंतरच्या रविवारी लागायचा. मंडप सोडलेल्या मैदानात सकाळीच मिसळीचं पातेलं चढायचं. लोक खुर्च्यांवर बसायचे आणि ज्यांनी नाटक केलं ते सगळे त्यांच्यासमोर खाली सतरंजीवर. मग ज्याला जे वाटेल ते त्यानं उभं राहून बोलायचं. कलाकारांनी फक्त ऐकायचं, उलट उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला ठाऊक नाही, पण ज्यानं केला त्याला आमची माणसं बरोबर कळली होती. वर्षभर कारखान्यात दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्यांना त्या सकाळी कुणाला तरी ऐकवायला मिळायचं, आणि वर मिसळ.

नाटक दरवर्षी एकाच माणसाचं, झटकेरावाचं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राहून येणारी तार हातात धरूनही तो मेला नव्हता, उलट सगळी वीज त्याच्या अंगात शिरली होती. तो हात लावील तो दिवा लागायचा, बोट दाखवील ते यंत्र चालायचं. साहेबांच्या बंगल्यावरचे दिवे तो लावायचा, पुढाऱ्याच्या सभेतले लावायचा. फक्त गरिबाच्या घरातला कधी लावायचा नाही. गरीब माणूस तक्रार घेऊन आलाच, तर त्याच्या कानफटात अशी द्यायचा की मंडपातल्या सगळ्या ट्यूब एकदम लखलखायच्या. मग "मिटली तक्रार!" म्हणून तो मिशीवरून हात फिरवायचा आणि पडदा पडायचा.

तो गरीब माणूस मी होतो.

नाटक लिहायचा आमच्याच चाळीतला एक कारकून. तोंडावर कुणाला चकार शब्द न बोलणारा आणि कागदावर कुणालाही न सोडणारा. झटकेराव किती नीच आहे, हे त्याला दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले तेव्हा तो खूश झाला. दुसऱ्या वर्षी वसाहतीतल्या पोरांनी झटकेरावासारखे लाल सदरे शिवून घेतले तेव्हा त्याला जरा कसंसं झालं. तिसऱ्या वर्षी वीज गेली की बायका, गमतीनं का होईना, "झटकेराव, पाव रे बाबा" म्हणायला लागल्या. "मी हरामखोर लिहिला आणि यांनी त्याचा देव केला," असं म्हणून तो कपाळ बडवायचा. त्याचं खरंच होतं. पण मला त्याच्या दुःखाचं फार काही वाटत नसे, कारण कानफटात त्याला बसत नव्हती.

आणि बसायची ती खरी बसायची. तालमीत झटकेरावानं नुसता हात फिरवायचा आणि विंगेत कुणीतरी टाळी वाजवायची, असं ठरलं होतं. पहिल्याच प्रयोगात त्यानं सणसणीत ठेवून दिली. माझ्या कानात शिट्टी वाजली, मी खरोखरच खाली पडलो आणि लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. नंतर तो म्हणाला, "खोटी मारली की लोकांना कळतं." त्यानंतर टाळी वाजवणाऱ्याला काम उरलं नाही.

झटकेराव व्हायचा तो माझ्या वडिलांचा फोरमन. त्याला वेगळा अभिनय करावा लागत नसे. द्वारका चौकाजवळच्या दुकानातून भाड्यानं आणलेला लाल अंगरखा अंगावर चढवला की झालं. माझे वडील घोटीकडचे, भाताची खाचरं भावाकडे ठेवून कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेले. फोरमन त्यांना इतरांसमोर आईवरून बोलायचा, त्यांच्या चालण्याची नक्कल करायचा. एकदा वडिलांना पाळीवर यायला उशीर झाला. फोरमननं त्यांना गेटच्या आत, कार्ड पंच करायच्या यंत्राशेजारी उभं केलं, का तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं बघावं. मी शेजारच्याच वर्कशॉपात फिटर होतो. पाळी सुटल्यावर मी तिथून गेलो आणि वडील मला दिसले. हातात जेवणाचा डबा, मान खाली, आणि लोक त्यांना वळसा घालून कार्ड पंच करत होते. त्यांनी मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. त्या दिवशी फोरमनचा गळा दाबावा असं मला वाटलं, आणि त्याच्या खालोखाल राग वडिलांचा आला. एवढी मान खाली घालून कसा काय उभा राहतो हा माणूस, असं वाटलं.

घरी त्यावर एक अक्षर निघालं नाही.

म्हणून चौथ्या वर्षी कारकुनानं नवा शेवट वाचून दाखवला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी त्याला चहा पाजला. या खेपेला झटकेरावानं हात उगारला की गरीब माणूस तो वरचेवर धरणार होता आणि त्याच्याच कानफटात देणार होता. ट्यूब लखलखण्याऐवजी विझणार होत्या. अंधारात मी म्हणायचं, "आता उजेड आमच्या घरात पडेल." फोरमन आधी कुरकुरला. मग म्हणाला, "हात हलका ठेव." मी म्हटलं, ठेवतो.

ठेवला नाही. वडील नेहमीसारखे पहिल्या रांगेत बसले होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तळहात पूर्ण उघडून अशी दिली की झटकेरावाची चिकटवलेली मिशी गालावर लोंबायला लागली. अशी थप्पड मी आयुष्यात पुन्हा कुणाला मारली नाही आणि तिचं मला आजही काही वाईट वाटत नाही. ट्यूब विझल्या. अंधारात मी माझं वाक्य म्हटलं. आता टाळ्या येतील म्हणून थांबलो. लाल सदऱ्यातलं एक पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं, त्याखेरीज आवाज नाही.

रविवारी आम्ही सतरंजीवर बसलो. एरवी मिसळ झाल्यावर लोक बोलायला लागत. त्या दिवशी तर्री वाढायच्या आतच सुरुवात झाली.

"पहिला भाग तो पहिला भाग," एक निवृत्त हेडक्लार्क म्हणाले. "दुसराही ठीक होता. आता लेखक अक्कल शिकवायला लागलाय. आम्ही गणपतीत हसायला येतो, शाळेत नाही."

"माझ्या मुलाला झटकेरावाचा सदरा शिवलाय," एक बाई म्हणाल्या, "तो आता घालायला तयार नाही. कापड वाया गेलं की नाही?"

"टीव्हीवर बघा हो, हीरो कधी मार खातो का?" तिसरा म्हणाला. वसाहतीत नुकते दोन-चार टीव्ही आले होते आणि ज्यांच्याकडे आले होते त्यांना सगळंच कळायला लागलं होतं.

मग माझी पाळी आली. "याचं तोंडच मार खाणाऱ्याचं आहे," एक जण म्हणाला. "गालाला सवय आहे, हाताला नाही." लोक हसले. दुसरा म्हणाला, "पडताना काय छान पडायचा हो! ती गंमतच घालवली." मागून एका पोरानं ओरडून सांगितलं, "पुढच्या वर्षी याला दोन मारा, मागची बाकी!" सगळ्यात जास्त हशा त्याला मिळाला. कारकून सतरंजीचे धागे उपसत बसला होता. फोरमन माझ्याशेजारी मांडी घालून मिसळीत पाव बुडवत होता. या मतांनी त्याची थप्पड कधीच भरून निघाली होती.

मला त्या सगळ्यांचं काही नव्हतं. मेंढरं ती, त्यांनी काय बोलावं. मी एकाच माणसाची वाट बघत होतो, आणि तो कधी बोलत नसे. पण त्या दिवशी वडील उठले. टोपी काढून हातात घेतली. मी सतरंजीवर सरसावून बसलो. वाटलं, हा माणूस आज बोलणार. गेटजवळ जे बोलला नाही ते आज सगळ्यांसमोर बोलणार.

"मी काय शिकलेला नाय," ते म्हणाले. "पण मागलंच बरं व्हतं. ह्यो मार खातो तवा लय हसू येतं."

टाळ्या पडल्या. नाटकाला पडल्या नव्हत्या तेवढ्या. फोरमन सतरंजीवरून उठला, वडिलांच्या पाठीवर थाप मारली आणि "बसा मामा, बसा" म्हणत त्यांच्या वाटीत स्वतःच्या हातानं तर्री घातली. वडील लाजल्यासारखे हसले.

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी दुसऱ्या बाजूनं. घर येईपर्यंत गप्प राहायचं मी ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"बाबा, तुम्ही त्याला भिऊन बोललात ना?"

"भ्यायचं काय त्यात?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "इच्चारलं त्यांनी, म्या सांगितलं."

"तुमच्यासाठी मारली होती मी ती."

"मला काय करायची?" सायकल थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं बोलले. "तो मला रोज बोलतो. तू मारली म्हून उद्या बोलायचा थांबतो का? उलट जास्त बोलन. पण गणपतीत एक दिस तो दुसऱ्याला मारतो, आन् म्या खुर्चीत बसून बघतो. तेवढंच जिवाला बरं वाटतं."

"तो दुसरा मी असतो, बाबा."

त्यांनी यावर विचार केला. खरोखर केला, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हां," ते म्हणाले. "पन म्या नसतो ना."

मग सायकल ढकलत पुढे निघाले.

पुढच्या वर्षी कारकुनानं जुना शेवट परत आणला. मी काम करणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं, फोरमननंही. मी केलं. त्यानं मागच्या वर्षीची कसर काढत मारली आणि मी पडलो. ट्यूब लखलखल्या. त्या उजेडात मला वडील दिसले. खुर्चीत मागे रेलून, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतलं पाणी टोपीनं पुसत हसत होते. घरात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "मिटली तक्रार" झालं होतं, आता पडदा पडायचा होता. मी उठलो आणि पुन्हा झटकेरावासमोर जाऊन उभा राहिलो. हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. फोरमन क्षणभर गोंधळला, आणि मग त्यानं दुसरी मारली.